नेत्याची गाडी आणि तिचा चालक

महत्त्वाच्या व्यक्तीची गाडी चालवणाऱ्याच्या कामाचे दोन भाग पडतात. अपघात, कोंडी, गर्दी किंवा हल्ला यांची वेळच येऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची खबरदारी हा पहिला भाग. त्याला बचावात्मक वाहनचालन म्हणतात. संकट समोर येऊन ठेपल्यावर गाडीतल्या माणसासह निसटणे हा दुसरा. चित्रपटांनी दुसऱ्या भागाचे कौतुक इतके केले आहे की हँडब्रेक ओढून गर्रकन गाडी फिरवणारा तोच हुशार ड्रायव्हर, अशी समजूत होऊन बसली आहे. महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव वेगळा आहे. नेत्यांच्या गाड्यांवर हल्ले झाले, पण रस्त्यावर राज्याला बसलेले मोठे धक्के साध्या अपघातांचे होते.

हा प्रश्न नीट समजून घ्यायला बारामती-इंदापूर रस्त्यावरचे काटेवाडी सोयीचे ठिकाण आहे. बारामतीपासून सुमारे १० किलोमीटरवरचे हे गाव शरद पवार आणि अजित पवार यांचे. त्यामुळे मंत्री, खासदार, सनदी अधिकारी यांच्या गाड्यांची वर्दळ या भागाला नवी नाही. निवडणुकीच्या दिवशी इथल्या मतदान केंद्राबाहेर कॅमेऱ्यांची रांग लागते. दिवाळी पाडव्याला बारामतीजवळच्या गोविंदबागेत शरद पवारांना भेटायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ते भरतात. १४ फेब्रुवारी २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी बारामतीत येऊन गेले. आणि हाच रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा, दुधाच्या टँकरचा, एमआयडीसीच्या कामगारांच्या दुचाकींचा आणि आषाढात तुकोबांच्या पालखीचाही आहे.

अपघातांपासून सुरुवात करणे योग्य. ३ जून २०१४ रोजी सकाळी केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. चौकात एका मोटारीने त्यांच्या गाडीला ते बसले होते त्याच बाजूने धडक दिली. गाडीचे नुकसान पाहता आतला माणूस दगावेल असे कोणाला वाटले नसते. पण मुंडे मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पट्टा असता तर ते वाचू शकले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितले. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे बीडहून मुंबईला मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी जात असताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याच्या परिसरात त्यांची गाडी एका अवजड वाहनावर मागून आदळली आणि त्यात ते गेले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मोटार महागडी, सुरक्षेच्या साधनांनी भरलेली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि ते दोघेच गेले.

या तिन्ही घटनांत हल्लेखोर कोणी नव्हता. कारणे होती ती चौक, पहाट, वेग, पुढचे अवजड वाहन आणि न लावलेला पट्टा. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावावा असा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो मोडल्यास १००० रुपये दंड आहे. अडचण दंडाची नाही. 'साहेब, पट्टा लावा' हे वाक्य म्हणायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे. पुढे बसलेला अंगरक्षक म्हणत नाही, पीए म्हणत नाही, आणि ड्रायव्हरला तर आपण म्हणण्याचे कारणच वाटत नाही. चांगल्या प्रशिक्षणात यावर साधी तोड शिकवतात: सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकायची नाही, तोंडाने काही बोलायचे नाही. दोन-चार दिवसांत सवय लागते.

हल्ल्यांचा इतिहासही या प्रांताला जुना आहे. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेगचा अधिकारी रँड गव्हर्नमेंट हाऊसमधून परतत असताना पुण्यातल्या गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकरांनी त्याच्या बग्गीवर मागून चढून गोळी झाडली. मागच्या बग्गीतला आयर्स्ट बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने मेला. समारंभाचा दिवस जाहीर, परतीचा रस्ता एकच, अंधार, आणि सारथ्याची नजर फक्त पुढे. हल्ल्यासाठी याहून सोयीची परिस्थिती नसते. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यातच निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य बाजारातून घरी परतताना स्वतः गाडी चालवत होते. सोबत पत्नी आणि अंगरक्षक होता. दुचाकीवरून आलेल्या मारेकऱ्यांनी गाडीशेजारी येऊन गोळ्या घातल्या. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याने स्टिअरिंगवर बसू नये, हा नियम जगभर याच कारणासाठी पाळतात. चालवणारा जखमी झाला की गाडी जागच्या जागी थांबते आणि आतले सगळे उघडे पडतात.

अलीकडच्या घटनांपैकी २ ऑगस्ट २०२२ ची कात्रज चौकातली घटना चालकांनी अभ्यासण्यासारखी आहे. शिवसेना नेते उदय सामंत यांची गाडी गर्दीत अडकली, जमावाने तिला घेरले आणि काच फोडली. धावती गाडी घेरता येत नाही, थांबलेलीच घेरता येते. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची हत्या मुलाच्या कार्यालयाबाहेर, गाडीकडे जाताना झाली. गाडीत चढण्याचे आणि उतरण्याचे क्षण सर्वांत धोक्याचे, असे या क्षेत्रातले लोक सांगत आले आहेत. त्या क्षणी माणूस उघड्यावर असतो, दार उघडे असते आणि सगळ्यांचे लक्ष नमस्कार-चमत्कारात असते.

म्हणून चालकाचे अर्धेअधिक काम गाडी हलण्यापूर्वीच होते. गाडी नेहमी बाहेर तोंड करून लावलेली हवी, म्हणजे निघताना मागे-पुढे करावे लागत नाही. पुढच्या गाडीला नाक चिकटवून उभी करायची नाही. दार साहेबांच्या पावलाशी येईल अशी जागा धरायची आणि ते दिसले की इंजिन सुरू करायचे. दार लागताच कुलपे लागली पाहिजेत. टाकीत निम्म्याहून कमी डिझेल कधीच नको. टायरची हवा, स्टेपनी, ब्रेक, वायपर, दिवे हे सकाळी स्वतः पाहायचे, पेट्रोलपंपावरच्या पोऱ्याच्या भरवशावर सोडायचे नाही. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या खाली आणि चाकांच्या आत बॅटरी मारून पाहायचे. सभा चालू असताना भजी खायला गाडी सोडून जाणे हा या पेशातला सर्वांत सर्रास होणारा प्रमाद आहे. गाडीजवळ माणूस नसला तर पुढच्या सगळ्या खबरदारीला अर्थ राहत नाही.

रस्त्याची माहिती ही याच तयारीतली दुसरी बाब. कार्यक्रमाच्या ठिकाणी जायचे दोन-तीन रस्ते, वाटेतली पोलीस ठाणी आणि अपघाताची शस्त्रक्रिया होऊ शकेल असे रुग्णालय चालकाला तोंडपाठ हवे. मार्ग बदलला तर तो सर्वांत आधी चालकाला कळायला हवा. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत नेमके हेच राहून गेले. सकाळी बाँबहल्ला झाल्यावर ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा परतीचा मार्ग बदलला, पण चालकापर्यंत निरोप गेला नाही. त्याने जुन्या मार्गाने वळण घेतले, चूक लक्षात आल्यावर गाडी थांबवली, आणि थांबली ती नेमकी मारेकरी गाव्रीलो प्रिन्सिपच्या समोर. आपल्याकडे दौऱ्याच्या गोंधळात हा धोका रोजचा आहे. पीए एका फोनवर, पोलिसांची पायलट गाडी दुसऱ्या रस्त्याने, आणि कार्यकर्ता खिडकीशी येऊन सांगतो, 'दादा, पाच मिनिटं आमच्या चौकात घ्या.' पाच मिनिटांचा सत्कार पाऊण तास चालतो. मग उरलेला उशीर वेगाने भरून काढायची जबाबदारी ड्रायव्हरवर येते.

काटेवाडीच्या रस्त्यावर वेगाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पुढचा अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तसेच गेले. कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक दाबून थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर. म्हणजे एकूण ७० मीटरच्या आसपास. १२० च्या वेगाला हेच अंतर १३० मीटरवर जाते, दीडपट वेगाला जवळजवळ दुप्पट. समोरून वाहन येत असताना दिवे खाली घेतले की रस्ता ४०-५० मीटरच नीट दिसतो. एवढ्या उजेडात थांबता येईल असा वेग ६० च्या आसपास येतो. ताफ्यातला कोणीही रात्री ६० ने जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता या अंधारात गाळप हंगामातला ट्रॅक्टर आणा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटले की भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे, माळेगावकडे उसाची वाहने रात्रंदिवस जातात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा असला तरी उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. ही वाहने ताशी १५-२० च्या वेगाने चालतात. मागून येणाऱ्याला ती हलत्या वाहनासारखी दिसतच नाहीत. अंधाराचा एक जास्त काळा तुकडा दिसतो. पंक्चर झालेली ट्रॉली भर रस्त्यात दगड लावून उभी केलेली असते आणि ट्रॉली गेल्यावरही दगड तिथेच राहतात. रस्त्यावर सांडलेला ऊस चाकाखाली चेचला की त्या पट्ट्यावर दुचाकी घसरते आणि चारचाकीचे ब्रेकही लांबतात. मुकादमाच्या गाड्या, पहाटे फडाकडे निघालेल्या बैलगाड्या, त्यांच्या मागे पायी चालणारी मुले, हे सगळे याच पट्ट्यात. पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाने पाटस-बारामती-इंदापूर हा रस्ता रुंद झाला आहे. रुंदीमुळे ओव्हरटेक सोपे झाले, पण मंद वाहन आणि वेगवान वाहन यांच्या वेगातला फरकही वाढला. शिवाय दुभाजकाला वळसा नको म्हणून उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर किंवा दुचाकी आता गृहीतच धरावी लागते.

इथला जाणता चालक हंगामात तीन गोष्टी करतो. पुढे मोकळे असले तरी रात्री दुभाजकालगतची मार्गिका कायमची धरून बसत नाही. बाजूला निसटायला जागा राहील असा मधला मार्ग काढतो. पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे न पाहता तिच्या पलीकडे पाहतो, कारण पहिला इशारा तिथून मिळतो. आणि पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मनात मोजतो: दोन सेकंद कोरड्या दिवसाला, तीन-चार रात्री किंवा पावसात. आषाढात मात्र हिशेबच वेगळा असतो. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते, आणि पुढे बेलवाडीला गोल रिंगण. त्या दिवशी कोणत्याही पदाच्या गाडीला रस्ता मिळत नाही आणि मिळू नये. वाहतूक वळवलेली असते. दर्शनाला येणाऱ्या नेत्याची गाडी लांब उभी करून पायी जाणे हाच सुरक्षित मार्ग असतो.

ताफा हा स्वतंत्र विषय आहे. पुढे पायलट, मग मुख्य गाडी, मागे एस्कॉर्ट आणि शेपटाला कार्यकर्त्यांच्या गाड्या, अशी सर्वसाधारण मांडणी. अधिकृत गाड्यांचे चालक निदान एकत्र सराव केलेले असतात. शेपूट मात्र कोणाच्याच ताब्यात नसते. पुढची गाडी ८० ने चालली की अंतर राखण्याच्या धडपडीत दहावी गाडी मध्येच १०० वर जाते आणि मध्येच करकचून ब्रेक मारते. ताफ्यातले आपसातले अपघात बहुधा असेच होतात. संख्येने मोठा ताफा म्हणजे मोठी सुरक्षा हा राजकारणातला समज आहे, सुरक्षेच्या जाणकारांचा नव्हे. अंतर सोडावे तर मध्ये परकी गाडी घुसते, चिकटावे तर थांबता येत नाही. १६ मार्च १९७८ रोजी रोममध्ये इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे अपहरण झाले, तेव्हा पुढे अचानक थांबलेल्या एका मोटारीने त्यांच्या दोन्ही गाड्या खोळंबल्या आणि पाचही अंगरक्षक मारले गेले. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाके जमिनीला टेकलेली दिसतील एवढे अंतर ठेवा, हा नियम याचसाठी शिकवतात. तेवढी जागा असली की मागे न जाता, एका झटक्यात बाजूने बाहेर पडता येते.

निसटण्याच्या डावपेचांना यानंतरच जागा आहे. पहिला डाव अगदी साधा: थांबायचे नाही. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ प्ती-क्लामार येथे फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या सित्रोएन गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला, टायर फुटले. चालक फ्रान्सिस मारू याने वेग वाढवला आणि सगळे सुखरूप बाहेर पडले. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये नाझी अधिकारी हायड्रिकची उघडी मोटार वळणावर मंदावली. हल्लेखोराची बंदूक अडकली, तरीही गाडी पुढे न काढता थांबवली गेली, मग दुसऱ्याने बाँब टाकला. बंदूक अडकली त्या क्षणी गाडी निघाली असती तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. रस्ता पुढून अडवला असेल तर मागे जाणे हा दुसरा डाव. वेगाने सरळ रिव्हर्स घेणे वाटते तेवढे सोपे नाही, कारण उलट दिशेने स्टिअरिंगची थोडी हालचालही गाडीचे नाक मोठे फिरवते. त्याच रिव्हर्समधून गाडी अर्धवर्तुळात फिरवून तोंड पुढे करण्याची युक्ती प्रशिक्षणात असते, पण ती बसक्या मोटारींसाठी, रुंद रस्त्यावर आणि वर्षानुवर्षांच्या सरावानेच. आपल्याकडच्या नेत्यांना आवडणाऱ्या उंच एसयूव्ही अशा फिरवाफिरवीत उलटतात. अडथळ्याच्या गाडीला धडकून वाट काढण्याचा शेवटचा पर्यायही शिकवला जातो: वेग कमी ठेवून, इंजिनाची बाजू टाळून, मागच्या चाकाच्या नेमावर.

या सगळ्याहून रोजच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे ब्रेक दाबून ठेवूनच स्टिअरिंग वळवणे. एबीएस असलेल्या गाडीत चाके अडकत नाहीत, त्यामुळे पूर्ण ब्रेकवरही बाजूला वळता येते. तरीही संकटात बहुतेक चालक पाय उचलतात किंवा पेडल थरथरले की घाबरून सोडतात. मोकळ्या मैदानावर एक दिवस हा सराव केला तर अनेकांचे आयुष्य वाचेल. त्याला ना मोठा खर्च, ना कसब. बुलेटप्रूफ गाडीला मात्र वेगळा सराव हवाच. पोलाद आणि जाड काचांनी तिचे वजन टनभर किंवा त्याहून वाढते, थांबायचे अंतर लांबते, वळणावर ती बाहेर ओढली जाते, आणि काच जाड असल्याने बाजूचे दिसणेही मंदावते. साध्या गाडीचा हात घेऊन तिच्यात बसणाऱ्याला पहिल्याच घाटात फरक कळतो.

प्रशिक्षणाची परंपरा पोलिसांकडून आली. लंडन पोलिसांनी १९३० च्या दशकात हेंडन येथे चालकांची शाळा काढली. तिच्या पद्धतीवर आधारलेले 'रोडक्राफ्ट' हे पुस्तक १९५५ पासून आजतागायत वापरात आहे. गाडी चालवताना काय दिसते, काय दिसत नाही आणि त्यामुळे काय घडू शकते याचा सतत विचार, हा तिचा गाभा. भारतात पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी १९८८ च्या कायद्याने विशेष संरक्षण दल चालते. राज्यात पोलिसांचा विशेष सुरक्षा विभाग आणि मोटार परिवहन विभाग आहे. पुण्याजवळ भोसरीची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था १९६७ पासून वाहतूक क्षेत्राचे प्रशिक्षण आणि संशोधन करते. मात्र संरक्षण मिळालेले नेते प्रवास करतात ते बऱ्याचदा स्वतःच्या गाडीतून, आणि ती चालवणारा असतो गावचा विश्वासू मुलगा. विश्वासूपणा ही या पेशातली मोठी पात्रता आहेच. ती कौशल्याची जागा घेते असे धरून चालणे ही चूक.

आणि झोप. दौऱ्याचा दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दीडला संपतो. साहेब विमानात किंवा मागच्या आसनावर झोपतात, ड्रायव्हर नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चालकांना दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा देत होता, पण तो वाहतूक संस्थांपुरता. नेत्याच्या खासगी चालकापर्यंत तो पोहोचत नव्हता. रात्री दोन ते पहाटे सहा हा डुलकीचा हमखास काळ. चहा, तंबाखू आणि गाणी हे उपाय नव्हेत. लांबच्या रात्रीच्या प्रवासात दुसरा ताजा चालक सोबत घेणे किंवा मुक्काम करणे, एवढेच दोन उपाय काम करतात.

कायद्याच्या बाजूने एक बदल मोठा झाला: १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. लाल दिवा होता तेव्हाही ताफ्याला वेगमर्यादेतून सर्रास मोकळीक नव्हती, आणि आता तर तसा भासही उरलेला नाही. अपघात झाला तर जबाबदारी पहिल्यांदा येते ती स्टिअरिंगवरच्या माणसावर. मेटे यांच्या अपघातात तपासाअंती गुन्हा दाखल झाला तो त्यांच्या चालकावर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती. 'जरा दामटा' असे मागून कोणी म्हणाले होते, हे न्यायालयात सिद्ध करणे चालकाला जवळपास अशक्य असते. त्यामुळे काही अनुभवी चालक कामाला लागतानाच वेगाची कमाल मर्यादा ठरवून घेतात आणि ती अंगरक्षकासमोर सांगतात. ही पद्धत अजून कोणत्याही नियमात लिहिलेली नाही.